बाळ-बाळंतिणीच्या दुआ: इंदूरला नव्यानं आलेल्या मराठी मुसलमान घरांसाठी

महाड, श्रीवर्धन, मिरज, लातूर अशा गावांहून नोकरीधंद्यापायी इंदूरला आलेल्या घरात पहिलं बाळंतपण निघालं की दुआ कुठल्या म्हणायच्या हा प्रश्न नंतर येतो, आधी माणसांचीच चणचण असते. नानी-दादी गावी. शेजारच्या खाला मायेनं धावून येतात, पण सांगणाऱ्या चार आणि रीती पाच. एक म्हणते, चाळीस दिवस तस्बीहला हात लावायचा नाही. दुसरी म्हणते, बाळाला आधी मध चाटवा. तिसरी काळा दोरा घेऊनच येते. दुआंची पुस्तकं उर्दूत, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींची शाळा मराठीतून झालेली.

माझं मत आधीच सांगून टाकते. या सगळ्या दुआ दोन-दोन ओळींच्या आहेत, आणि त्या आईबापांनीच म्हणायच्या आहेत. त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही, कुणाला हदिया (नजराणा) द्यावा लागत नाही. आणि बाळाच्या पोटात किंवा गळ्यात काहीही घालायची वेळ आली की तिथे शेवटचा शब्द डॉक्टरचा.

दिवस भरत आले की

आपला मसलक, म्हणजे धर्माचे नियम आपण कुठल्या परंपरेनं पाळतो, ते नीट माहीत करून घ्या. हनफी आणि शाफई या दोन्ही सुन्नींच्याच परंपरा. कोकणी घरं बहुतेक शाफई, तर इंदूरच्या बहुतेक सुन्नी मशिदी हनफी. देशावरची मराठी मुसलमान घरंही सहसा हनफीच. एरवी हा फरक हात कुठे बांधायचे एवढ्यापुरता वाटतो, पण बाळंतपणात तो ठिकठिकाणी आडवा येतो. बाळंतिणीचा स्राव, म्हणजे निफास, हनफींकडे जास्तीत जास्त चाळीस दिवस धरतात, शाफईंकडे साठ. शेजारीण एक सांगते, गावाहून फोनवर आई दुसरं सांगते, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. नवरा हनफी आणि बायको शाफई असं असेल तर आपली नमाज, आपला रोज़ा बाईनं स्वतःच्या मसलकाप्रमाणे करावा. भांडायचं कारण नाही.

एका कोऱ्या कागदावर खालच्या दुआ मोठ्या अक्षरात लिहून दवाखान्याच्या पिशवीत ठेवा. मोबाइलमध्ये असतातच, पण कळा सुरू झाल्यावर मोबाइल नवऱ्याच्या हातात आणि नवरा पावती करायला खाली, असं होतं. अरबी उच्चार देवनागरीत पुरते उतरत नाहीत. खाली टिंब असलेला ज़ ‘जहाज’मधल्या ज सारखा म्हणा, आणि बाकी एखाद्या हाफिज़ बाईंकडून किंवा चांगल्या रेकॉर्डिंगवरून एकदा ऐकून घ्या. उच्चार अडखळला म्हणून दुआ वाया जात नाही. अगदीच जमलं नाही तर मराठीत मागा.

बाळाच्या कानात अज़ान कोण देणार तेही आधीच ठरवा. MY किंवा MTH हे इथले सरकारी दवाखाने असोत की खाजगी, लेबर रूममध्ये पुरुषांना सहसा सोडत नाहीत, त्यामुळे बाळ बाहेर आणून दाखवतात तेवढाच वेळ हातात असतो.

कानातली अज़ान

पैगंबर साहेबांची मुलगी फातिमा बीबी, त्यांना हसन झाले तेव्हा पैगंबर साहेबांनी बाळाच्या कानात अज़ान दिली, असं अबू राफेअ यांच्या रिवायतीत, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या हकिकतीत, येतं. ती तिर्मिज़ी आणि अबू दाऊद या हदीसच्या, म्हणजे पैगंबर साहेबांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींच्या, संग्रहांत आहे. उजव्या कानात अज़ान आणि डाव्या कानात इक़ामत (नमाज उभी राहताना म्हणतात ती) असा रिवाज आपल्याकडे सगळीकडे आहे. इक़ामतीची रिवायत कमकुवत आहे, असं हदीसचे जाणकार सांगतात, म्हणून काही घरं फक्त अज़ान देतात. तुमच्या घरी जे चालत आलंय ते करा.

बाळाला हातावर घ्या, तोंड क़िब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करा. इंदूरहून क़िब्ला जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे, किंचित उत्तरेकडे. मग हलक्या आवाजात म्हणा: अल्लाहु अकबर चार वेळा, अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाह दोनदा, अश्हदु अन्न मुहम्मदर्रसूलुल्लाह दोनदा, हय्य अलस्सलाह दोनदा, हय्य अलल् फलाह दोनदा, अल्लाहु अकबर दोनदा, आणि ला इलाह इल्लल्लाह एकदा. इक़ामतीत हय्य अलल् फलाहनंतर ‘क़द क़ामतिस्सलाह’ दोनदा येतं. हनफी इक़ामतीत बाकीचे शब्द अज़ानसारखेच, शाफईंकडे बहुतेक शब्द निम्म्या वेळा.

आवाज कुजबुजण्याइतका पुरे. मशिदीच्या भोंग्याची सवय असलेले काही आजोबा इथेही गळा काढतात, त्यांना प्रेमानं आवरा. मोबाइलवरची अज़ान कानाशी लावू नका. ती अज़ान धरली जात नाही आणि नवजात कानाला तो आवाज सोसत नाही.

“आधी आंघोळ घाला, मग अज़ान” असा आग्रह बऱ्याच घरांत होतो. त्याची गरज नाही. अंगावरचा पांढरा चिकट थर बाळाला ऊब देतो, आणि पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवा असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. दवाखान्यात पुसून, गुंडाळून दिलेलं बाळ पुरेसं पाक आहे. काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर घाई करू नका. दोन-चार दिवसांनी बाहेर आलं की द्या, अज़ान काही चुकत नाही. पुरुष कुणीच जवळ नसेल तर नानीनं किंवा खालानं दिली तरी चालते असं बरेच आलिम सांगतात.

खजूर चाटवणं

याला तहनीक म्हणतात. हिजरतीनंतर मदिन्याच्या मुहाजिरांत जन्मलेलं पहिलं मूल म्हणजे अस्मा बीबींचा मुलगा अब्दुल्लाह बिन ज़ुबैर. त्याला त्या पैगंबर साहेबांकडे घेऊन गेल्या. त्यांनी खजूर चावून बाळाच्या टाळूला आतून लावला आणि बरकतीची दुआ केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

आता करायचं कसं? बाळ पूर्ण दिवसांचं आणि धडधाकट असेल तरच, आणि बालरोगतज्ज्ञाला विचारूनच. मऊ खजुराचा गर पाण्यात कुस्करा, साबणानं धुतलेल्या, नख कापलेल्या बोटावर तांदळाच्या दाण्याएवढा घ्या आणि तोंडात वरच्या बाजूला नुसता फिरवा. तुकडा आत राहता कामा नये. चावून देण्याचा हट्ट नको, मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाला सोसत नाहीत. लावताना ‘बिस्मिल्लाह’, आणि नंतर ‘अल्लाहुम्म बारिक फीह’, मुलगी असेल तर ‘फीहा’. डॉक्टर नको म्हणाले तर सोडून द्या. ही सुन्नत आहे, म्हणजे पैगंबर साहेबांची रीत; फर्ज़, म्हणजे सक्तीची, नाही.

मध मात्र अजिबात नाही. एक वर्ष पुरं होईपर्यंत नाही, बोटभरही नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाची आतडी त्यांना रोखू शकत नाहीत. “कुरआनमध्ये मधात शिफा आहे” असं कुणी म्हणालं तर खुशाल मान डोलवा, आणि मध बाळंतिणीला प्यायला देता त्या दुधाच्या पेल्यात घाला.

पहिलं दूध

चीक काढून टाकायचा नाही. तासाभरात बाळ छातीशी लागलं पाहिजे, सिझेरियन असेल तर नर्सला आठवण करून द्या. कुरआनात मूसा अलैहिस्सलामांच्या आईचा किस्सा आहे. फिरऔन बादशहाची माणसं मुलगे मारत फिरतायत, आईच्या जिवाचं पाणी झालंय, आणि तिला जो इशारा होतो त्यातला पहिला हुकूम आहे: त्याला दूध पाज. नदीत सोडण्याची गोष्ट त्यानंतर येते. सूरह क़सस, आयत ७.

दूध पाजायला घेताना बिस्मिल्लाह म्हणा. त्यापुढे मला ज्या बाया विचारतात त्यांना मी ही दुआ सांगते:

*अल्लाहुम्म बारिक लना फीहि व ज़िदना मिन्हु.*
(अल्लाह, यात आम्हाला बरकत दे आणि हे आम्हाला आणखी दे.)

ही खास बाळंतिणीची म्हणून आलेली नाही. दूध पिणाऱ्यानं ती म्हणावी असं हदीसमध्ये आहे, आणि तिथेच सांगितलंय की खाणं आणि पिणं दोन्हींची जागा भरून काढेल असं दुधाखेरीज दुसरं काही नाही. पिणाऱ्याला अजून बोलता येत नाही, तर त्याच्या वतीनं आईनं म्हणावी.

चाळीस दिवसांत आईनं काय म्हणायचं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबून सांगते. निफासात नमाज माफ, आणि तिची क़ज़ाही नाही, म्हणजे नंतर भरून द्यायची नाही. रोज़ा धरायचा नाही, तो नंतर भरून द्यायचा. कुरआनाला हात लावायचा नाही, तिलावत (पठण) करायची नाही. एवढंच. दुआ, ज़िक्र, दुरूद, इस्तिग़फार, तस्बीह हे सगळं चालू राहतं. कुरआनातली आयत दुआ म्हणून किंवा ज़िक्र म्हणून, त्याच नीयतीनं म्हटली तर हनफी-शाफई दोघांकडेही चालतं. म्हणजे आयतुल कुर्सी, सूरह फातिहा, चारही कुल (‘कुल’नं सुरू होणाऱ्या चार छोट्या सूरह) बाळंतिणीच्या तोंडात असू शकतात. “तू नापाक आहेस, तू म्हणू नकोस, आम्ही म्हणतो” हे जे सांगतात ते दीनमधलं नाही.

आणि चाळीस हा आकडा शिक्षेचा नाही. स्राव बाराव्या दिवशी थांबला तर तेराव्या दिवसाची वाट न पाहता गुस्ल (पाक होण्याची आंघोळ) करून नमाज सुरू. चाळीस दिवस बसून राहायचंच असं कुठे नाही.

मुख्य दुआ सूरह अहक़ाफच्या पंधराव्या आयतीतली आहे. याच आयतीत म्हटलंय की आईनं त्याला कष्टानं पोटात वाढवलं, कष्टानं जन्म दिला, आणि पोटात वाढवणं ते दूध तोडणं असे तीस महिने. त्यापुढे ही दुआ येते, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला हिच्याइतकी चपखल दुसरी मला माहीत नाही:

*रब्बि औज़िअनी अन अश्कुर निअमतकल्लती अनअमत अलय्य व अला वालिदय्य, व अन अअमल सालिहन तरज़ाहु, व अस्लिह ली फी ज़ुर्रिय्यती.*
(माझ्या रब, तू माझ्यावर आणि माझ्या आईबापांवर जी मेहेरबानी केलीस तिचं शुक्र मानायची मला बुद्धी दे. तुला आवडेल असं काम माझ्या हातून घडू दे. आणि माझ्या लेकरांमध्ये भलाई ठेव.)

बापासाठी आणि घरातल्या बाकीच्यांसाठी सूरह फुरक़ानची ७४वी आयत: *रब्बना हब लना मिन अज़वाजिना व ज़ुर्रिय्यातिना क़ुर्रत अअयुनिंव् वजअलना लिल मुत्तक़ीन इमामा.* बायको आणि मुलं डोळ्यांना थंडावा देणारी होवोत, असा तिचा गाभा.

रात्रीच्या पाजण्याला फातिमा बीबींची तस्बीह. जात्यावर दळून त्यांच्या हाताला घट्टे पडले होते, त्या कामाला माणूस मागायला वडिलांकडे गेल्या, आणि पैगंबर साहेबांनी त्यांना झोपताना म्हणायला ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर शिकवलं. दोन वाजता बाळ उठतं, एका हातावर त्याचं डोकं, दुसऱ्या हाताच्या पेरांवर मोजणी. चौतिसाव्याला पोचेपर्यंत बाळाची पकड सैल होते आणि आपलेही डोळे मिटायला लागतात. तेव्हा तस्बीह सोडा आणि बाळाला आधी पाळण्यात ठेवा. मांडीवर घेऊन बसल्या-बसल्या झोपणं धोक्याचं आहे.

दूध कमी वाटतंय तेव्हा

पाणी दम करून देण्याचा रिवाज आहे. सात वेळा फातिहा म्हणून फुंकर मारतात, काही जणी सूरह नहलची ६६वी आयत म्हणतात, ज्यात जनावराच्या पोटातून निघणाऱ्या शुद्ध, घशाखाली सहज उतरणाऱ्या दुधाचा उल्लेख आहे. म्हणायला हरकत काही नाही, कुरआनच आहे. पण ‘ही आयत इतक्या वेळा म्हटली की दूध वाढतं’ असं हदीसमध्ये कुठे ठरवून दिलेलं नाही, हे लक्षात असू द्या. म्हणजे आकडा चुकला म्हणून जीव टांगणीला लागत नाही.

दम केलेलं पाणी आईनं प्यायचं. बाळाला नाही, ज़मज़मसुद्धा नाही. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. इंदूरच्या उन्हाळ्यातही नको, दुधात पाणी असतंच.

आणि दुआबरोबर दोन साध्या गोष्टी: बाळाचं तोंड नुसत्या बोंडावर नाही, भोवतालच्या काळ्या भागावर मोठं उघडून लागलंय का ते पाहा, आणि मागेल तेव्हा पाजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय. कमी होत असेल तर आमिल (झाडफूक करणारा) शोधू नका, डॉक्टर गाठा. मरयम बीबींना कळा आल्या तेव्हा खजुराचं झाड हलव, ताजा खजूर खा, पाणी पी, डोळे थंड कर असंच सांगितलं गेलं होतं. तेव्हा बाळंतिणीचं ताट आधी वाढा. शेजारची खाला हरीरा देईल तो घ्या, गावाहून आलेले अळिवाचे लाडूही खा. दोन्हींत वैर नाही.

एक गोष्ट कुणी मोकळेपणानं बोलत नाही. बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही रडत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर घरात ‘साया’, म्हणजे बाहेरची बाधा, हा शब्द निघतो. हा आजार आहे, आणि त्याला औषध आहे. दुआ म्हणा आणि त्याच दिवशी दवाखान्यातही जा.

नजर, दोरा, सुरमा

नजर लागणं हदीसमध्ये आहे, नाकारत नाही. पण त्याचा उपायही तिथेच आहे, आणि तो दोरा नाही. पैगंबर साहेब हसन-हुसैन यांच्यावर एक दुआ म्हणत आणि सांगत, तुमचे वडील इब्राहीम हीच दुआ इस्माईल आणि इसहाक़ यांच्यासाठी म्हणत असत. बुखारीत आहे. मुलासाठी:

*उईज़ुक बि-कलिमातिल्लाहित्ताम्मति मिन कुल्लि शैतानिंव् व हाम्मतिन, व मिन कुल्लि ऐनिल् लाम्मह.*
(अल्लाहच्या परिपूर्ण वचनांच्या आसऱ्यात तुला सोपवते: प्रत्येक शैतानापासून, प्रत्येक विषारी जिवापासून आणि प्रत्येक वाईट नजरेपासून.)

मुलगी असेल तर ‘उईज़ुकि’, जुळी असतील तर ‘उईज़ुकुमा’. मुलीसाठी आणखी एक आहे, मरयम बीबींच्या आईची. मुलगा होईल म्हणून नवस बोललेली, आणि झाली मुलगी. तिनं नाव ठेवलं आणि लगेच म्हणाली: *व इन्नी उईज़ुहा बिक व ज़ुर्रिय्यतहा मिनश्शैतानिर्रजीम.* तिला आणि तिच्या पुढच्या पिढीलाही तुझ्या आसऱ्यात देते. ‘पहिली मुलगीच का’ असा चेहरा करून कुणी पाहुणी आली तर ही दुआ जरा मोठ्यानं म्हणावी.

झोपवताना सूरह इख्लास, फलक़, नास तीन-तीनदा म्हणून हातावर फुंकर, आणि हात बाळाच्या अंगावरून. सर्दी-खोकला असेल तर फुंकर नको, नुसता हात फिरवा. भेटायला येणाऱ्यांनाही हात धुवायला सांगा, आणि बाळाच्या तोंडाचे मुके कुणालाच घेऊ देऊ नका. लाजायचं नाही.

गळ्यात दोरा-तावीज बांधू नका. तावीज जायज़ की नाजायज़ यावर आलिमांचा वाद जुना आहे, त्यात मी पडत नाही. पण तान्ह्या गळ्यात दोरी म्हणजे फास बसण्याची भीती, एवढं पुरे आहे. सुरमा डोळ्यांत घालू नका, बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसं असतं.

शेजारी मराठी हिंदू घरं असतील, आणि इंदूरला ती असतातच, तर त्या वहिनी काय म्हणावं म्हणून चाचरतात. त्यांनी ‘माशाअल्लाह, गोड आहे’ म्हटलं तरी छान, आणि ‘औक्षवंत हो’ म्हटलं तर त्यावर आपण आमीन म्हणायचं. आपल्यांत मुबारकबादीची एक जुनी दुआ आहे, बुज़ुर्गांकडून आलेली: *बारकल्लाहु लक फिल मौहूबि लक, व शकर्तल वाहिब, व बलग अशुद्दहु, व रुज़िक़्त बिर्रहु.* मिळालेल्या देणगीत बरकत असो, देणाऱ्याचं शुक्र घडो, बाळ मोठं होवो आणि त्याचं सुख तुला लाभो.

सातवा दिवस

नाव, जावळ आणि अक़ीक़ा (बाळाच्या नावानं बकरा कापणं). हदीसमध्ये तिन्ही सातव्या दिवसाशी जोडलेली आहेत. मोजणी सोपी: ज्या वारी बाळ झालं त्याच्या आदल्या वारी सातवा दिवस. मंगळवारी दुपारी झालं तर पुढचा सोमवार. मात्र आपला दिवस मग़रिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलतो, म्हणून मंगळवारी मग़रिबनंतर झालेलं बाळ बुधवारचं, आणि त्याचा सातवा दिवस मंगळवार. सातव्याला जमलं नाही तर चौदावा, एकविसावा, नाहीतर पुढे कधीही. छट्टी हा रिवाज आहे, अक़ीक़्याशी त्याचा संबंध नाही.

मुलासाठी दोन बकरे, मुलीसाठी एक. ऐपत एकाचीच असेल तर मुलासाठी एकही चालतो, आणि अजिबात नसेल तर कर्ज काढून करू नका. हनफींकडे तो मुस्तहब (केला तर चांगला), शाफईंकडे ताकीद केलेली सुन्नत, फर्ज़ कुणाकडेच नाही. आईबाप, नाना-नानी, दादा-दादी यांनी अक़ीक़्याचं मटण खाऊ नये ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे, सगळे खाऊ शकतात. शाफई घरांत हाडं न मोडता सांध्यातून वेगळी करणं पसंत करतात, ते कसायाला आधी सांगून ठेवा, कारण इथल्याला त्याची सवय नसते. कापणं परवानगीच्या ठिकाणीच. इंदूर स्वच्छतेच्या बाबतीत कडक आहे, आणि बाळाच्या नावानं गल्लीत घाण करणं असंही शोभत नाही.

जावळाच्या वजनाइतकी चांदी खैरात करायची. हसन यांच्या जन्मानंतर पैगंबर साहेबांनी फातिमा बीबींना हे सांगितलं, तेव्हा वजन एक दिरहम किंवा त्याहून कमी भरलं होतं. दिरहम म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. यावरून कळेल की रक्कम फार नसते. न्हावी घरी बोलवा, पातं नवं आणा, आणि टाळू मऊ असते तिथे हात हलका ठेवायला सांगा. केस एका कागदात घेऊन सराफ्यात जा, पण दिवसा, रात्री तिथे गराडू आणि जलेबीवाले बसतात. स्वयंपाकघरातला काटा हे वजन पकडत नाही. सराफाचा काच लावलेला काटा लागतो: आधी रिकामा कागद ठेवून शून्य करायला सांगा, मग केस. पंखा बंद करायला लावा. त्या दिवशीच्या भावानं जे पैसे होतील ते वर थोडी भर घालून गरजूला द्या, चांदीच विकत घेऊन द्यायला हवी असं नाही. केस घरी आणून कुंडीत पुरलेत तरी चालतं.

नाव ठरलं की अक्षरं एकदाच नक्की करा. मराठीतलं, हिंदीतलं आणि इंग्रजीतलं नाव पुढे जुळलं पाहिजे. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. दवाखाना ती पाठवतो, पण दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा आपणच करायचा.

नमाज आणि रोज़ा पुन्हा सुरू होतात तेव्हा

दूध पाजल्यानं वुज़ू (नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं) तुटत नाही, दूध कपड्यावर सांडलं तर कपडा नापाक होत नाही. बाळाची शू मात्र धुवावीच लागते. शाफईंकडे फक्त दुधावर असलेल्या मुलाच्या शूवर पाणी शिंपडलं तरी भागतं, मुलीच्या नाही. सोपा उपाय म्हणजे नमाजेचा दुपट्टा आणि कपड्यांचा जोड वेगळा टांगून ठेवायचा. मध्येच बाळ रडलं तर नमाज आटोपती घ्या. बाळाचं रडणं कानावर आलं की आईचा जीव कासावीस होईल म्हणून पैगंबर साहेब स्वतः जमातीची नमाज थोडक्यात आटपत.

रमज़ानात पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोज़े सोडायची मुभा आहे. हनफींकडे नंतर फक्त क़ज़ा. शाफईंकडे फक्त बाळासाठी सोडले असतील तर क़ज़ा आणि फिदया (गरिबाला खाणं देणं) दोन्ही.

दुसऱ्या बाईचं दूध

दूध-नातं रक्ताच्या नात्यासारखंच धरतात. दूधभावंडांचं आपसात लग्न होत नाही, सूरह निसाच्या २३व्या आयतीत स्पष्ट आहे. हनफींकडे दोन वर्षांच्या आत एकदा घोटभर पाजलं तरी नातं जडतं, शाफईंकडे वेगवेगळी पाच पाजणी झाली तर. म्हणून शेजारणीनं मायेनं छातीला लावलं असेल तर तिचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, तिच्या सगळ्या मुलांना कळू द्या. बाळ अतिदक्षतेत असेल आणि दुसऱ्या आईचं साठवलेलं दूध देणार असतील तर ते कुणाचं ते विचारा, आणि शक्य असेल तर आपलंच काढून द्या. जिवाचा प्रश्न असेल तर मात्र अडवू नका. मग मुफ्तींना विचारता येतं.

दूध सोडवताना

सूरह बक़राची २३३वी आयत दोन पूर्ण वर्षं सांगते, ज्याला मुदत पुरी करायची असेल त्याच्यासाठी. त्याआधी सोडवायचं तर आई आणि बाप दोघांच्या राज़ीखुशीनं आणि सल्लामसलतीनं. बापानं आईच्या खाण्याकपड्याची जबाबदारी घ्यायची, आणि मुलापायी आईला छळायचं नाही, हेही तिथेच आहे. सासू म्हणते ‘आता पुरे’ किंवा ‘अजून पाज’, तेव्हा ही आयत काढून दाखवावी. सल्ला दोघांचा आहे.

त्या दिवसांत पुन्हा अहक़ाफची दुआ म्हणा, बाळ आता मांडीवर बसून आमीन म्हणायच्या वयाचं झालेलं असतं. कडुनिंबाचा पाला किंवा कोरफड लावून एका रात्रीत तोडू नका. दूध साठून छाती दगड होते, ताप भरतो. दर चार-पाच दिवसांनी एक-एक वेळ कमी करा. दुपारचं आधी बंद, रात्रीचं सगळ्यात शेवटी.